फेब्रुवारीतले शंभर रुपये आणि एक फॉरवर्ड

भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात मी हिशेब आणि पगारपत्रक सांभाळतो. दर फेब्रुवारीत कोणी ना कोणी पगाराची स्लिप नाचवत टेबलाशी येतं. प्रश्न पी.टी.चा, म्हणजे पगारातून कापल्या जाणाऱ्या व्यवसाय कराचा. "पी.टी. दरमहा दोनशे कापता, या वेळी तीनशे कसे?" अकरा महिने दोनशे, फेब्रुवारीत तीनशे, मिळून वर्षाचे अडीच हजार, असं मी सांगतो. समोरच्याचं समाधान होत नाही, पण शंभर रुपयांवरून कोणी भांडतही नाही. हा पैसा मुळात कशासाठी घ्यायला लागले, हे मात्र आजवर एकानेही विचारलेलं नाही.

ते सांगायची वेळ आली एका फॉरवर्डमुळे. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सहाव्या मजल्यावरच्या काकांनी तो टाकला. आठवडाभरात तोच मजकूर मला शाळेच्या ग्रुपवर, भिशीच्या ग्रुपवर आणि मेव्हण्याकडून असा तीनदा आला. मजकूर थोडक्यात असा: "पुणे-मुंबई-ठाणे कमावतात, बाकीचा महाराष्ट्र खातो. मराठवाडा-विदर्भाच्या गरिबीमुळे सरकार फुगलंय. चाळीस वर्षं अनुशेष भरतोय, खड्डा तसाच. पुण्याला मात्र ठेंगा. ज्याने त्याने आपलं कमावलेलं आपल्याकडे ठेवावं, सरकार आपोआप लहान होईल. पटलं तर पुढे पाठवा." खाली हात जोडलेले आणि तिरंगा.

काका सज्जन आहेत, सोसायटीचा हिशेब दरवर्षी तेच तपासतात. म्हणून ग्रुपवर वाद न घालता लिहिलं, "काका, सवडीने सविस्तर उत्तर देतो." हे ते उत्तर.

"पुणे-मुंबई-ठाणे कमावतात." यात तथ्य आहे. या तीन जिल्ह्यांतून राज्याच्या उत्पन्नाचा निम्म्याच्या आसपास वाटा येतो. मुंबईचं दरडोई उत्पन्न आणि वाशीम, नंदुरबार, गडचिरोलीचं दरडोई उत्पन्न यांत तिपटीच्या घरात अंतर आहे. प्रश्न आहे तो पुढच्या उडीचा. कर कुठे भरला गेला यावरून तो कोणी कमावला हे ठरवता येतं का?

कंपनीचा आयकर तिच्या मुख्य कार्यालयाच्या पत्त्यावर जमा होतो. सिमेंटचा कारखाना चंद्रपूर जिल्ह्यात असेल, चुनखडी तिथली, धूळ तिथली, कर भरल्याचं चलन मुंबईचं. चंद्रपूरचं वीज केंद्र २,९२० मेगावॉटचं. कोळसा तिथे जळतो, राख तिथे पडते आणि त्या विजेवर चालणाऱ्या कारखान्याचा नफा चाकणच्या नावावर लागतो. परभणीतल्या बाईने साबणाची वडी घेतली की त्यातला कंपनीचा नफा मुंबईत मोजला जातो. म्हणून करवसुलीच्या तक्त्यात मुंबई डोंगराएवढी आणि हिंगोली मुंगीएवढी दिसते. तक्ता खरा आहे, फक्त तो कमाईचा नसून पत्त्यांचा आहे.

आता आमच्या शॉपवरचं उदाहरण. सीएनसी मशीनवरची निम्मी पोरं मराठवाड्यातली. एकाला मी कागदपत्रांसाठी बसवलं होतं. जन्म हिंगोली जिल्ह्यातला, लसी तिथल्या उपकेंद्रात, शाळा जिल्हा परिषदेची, आयटीआय सरकारी. अठरा-एकोणीस वर्षं त्याच्यावर जो सरकारी पैसा लागला तो सगळा "मराठवाड्यावरचा खर्च" म्हणून नोंदला गेला. पोरगा कमावता झाला त्या महिन्यापासून त्याचा पी.एफ., त्याचा पी.टी., त्याने भोसरीत भरलेलं भाडं, त्याने केलेली खरेदी हे सगळं पुण्याच्या खात्यात. तयार माणूस आपल्याला आयता मिळाला आणि बिल हिंगोलीच्या नावाने फाटलं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने ही नोंद कुठल्या बाजूला धरली असेल?

बरं, शहरातून खेड्याकडे पैसा जातो का? जातो, आणि त्यातली एक वाट तर उघडउघड त्यासाठीच बांधलेली होती. तीच ही पी.टी. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती कल्पना लावून धरली होती. पुढे १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. खेड्यात मागेल त्याला काम द्यायचं, तर पैसा आणायचा कुठून? म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून थोडं काढायचं, तेवढीच भर सरकारने घालायची आणि दुष्काळी तालुक्यात बांधबंदिस्ती, पाझर तलाव, रस्ते करायचे. देशाचा रोजगार हमी कायदा २००५ मध्ये झाला, त्याच्या आधी तीस वर्षं महाराष्ट्र हे करत होता. त्या काळी कोणी "पुणे कमावतं, बीड खातं" असं म्हटलं नसेल असं नाही. पण कर बसला आणि लोकांनी दिला.

आज त्या कराचं काय झालंय ते बघा. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमात त्याला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा आहे. ती १९८८ ची, तेव्हापासून जागची हललेली नाही. बाणेरमधल्या पंचवीस लाख पगाराच्या माणसाला वर्षाला २,५०० रुपये, म्हणजे पगाराचा एक दशांश टक्का. आमच्या त्या पंधरा हजार पगाराच्या हिंगोलीच्या पोरालाही २,५०० च, म्हणजे पगाराच्या सव्वा टक्क्याहून जास्त. स्वतःच्या जिल्ह्यातल्या कामासाठी तो बाणेरवाल्याच्या तेरा-चौदा पट ओझं उचलतो. ही स्लिप मी स्वतः बनवतो, त्यामुळे हे मला कोणी फॉरवर्ड करून सांगायची गरज नाही.

"त्यांच्या गरिबीमुळे सरकार फुगलंय." फॉरवर्डमधलं सगळ्यात पटण्यासारखं वाक्य हेच आणि सगळ्यात चुकीचंही हेच, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

सरकार मोठं की लहान हे मोजायची रूढ रीत म्हणजे उत्पन्नाच्या किती टक्के सरकार खर्च करतं हे बघणं. २०२५-२६ चा महाराष्ट्राचा अर्थसंकल्प सुमारे ७ लाख कोटींचा. राज्याचं उत्पन्न ५० लाख कोटींच्या जवळ, म्हणजे सरकार साधारण १४ टक्के. त्याच वर्षी बिहारचा अर्थसंकल्प ३.१७ लाख कोटींचा आणि राज्याचं उत्पन्न जेमतेम ११ लाख कोटी, म्हणजे २९ टक्के. झालं! गरीब राज्याचं सरकार श्रीमंत राज्याच्या दुप्पट. फॉरवर्डला हवा तो पुरावा मिळाला.

आता तेच आकडे माणशी करू. २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या दोघांना सारखीच जुनी, ती धरली तर बिहार सरकार माणशी तीस हजारांच्या आसपास खर्च करतं आणि महाराष्ट्र सरकार बासष्ट हजार. टक्क्यात दुप्पट असलेलं सरकार रुपयात निम्मं निघालं. कारण सरकार फुगलेलं नाही, भागाकारातला खालचा आकडा सुकलेला आहे. मास्तरचा, नर्सचा, पोलिसाचा पगार गरीब भागातही द्यावाच लागतो. तिथलं उत्पन्न कमी म्हणून टक्का मोठा दिसतो. घरात कमावणारा एक आणि दुसऱ्या घरात चार, तर गॅस सिलिंडरचा खर्च पहिल्या घरात "फुगलेला" दिसणारच.

अर्थशास्त्रात याच्याशी जोडलेला एक जुना युक्तिवाद आहे. मेल्ट्झर आणि रिचर्ड या दोघांनी १९८१ मध्ये तो नीट मांडला: सरासरी उत्पन्न आणि मधल्या मतदाराचं उत्पन्न यांत अंतर जितकं जास्त, तितकी मतपेटीतून जास्त कराची, जास्त वाटपाची मागणी. म्हणजे विषमता वाढली की सरकार वाढतं. काकांच्या फॉरवर्डमागे नकळत हाच विचार आहे. पण हा हिशेब माणसामाणसांतल्या विषमतेचा. विषमता जेव्हा प्रदेशांत विभागली जाते तेव्हा गणित उलटं फिरू शकतं. येरवड्यातल्या झोपडपट्टीतला माणूस आणि गडचिरोलीतला शेतमजूर यांचं उत्पन्न जवळपास सारखं असलं, तरी पाण्याचा, रस्त्याचा, प्रकल्पाचा प्रश्न निघाला की येरवडेकर कोरेगाव पार्कच्या बाजूला उभा राहतो. "आपल्या पुण्याचं" पाणी, "आपली" मेट्रो. गरिबांची बेरीज होतच नाही.

शिवाय गरजाच वेगळ्या. आपल्याला उड्डाणपूल आणि मेट्रो हवी, धडगावला डॉक्टर हवा, जिंतूरला कालव्याचं पाणी. सगळ्यांना एकदम हवा असा मोठा खर्च शिल्लकच राहत नाही. मग सरकार काय करतं? सगळीकडे सारखं वाटता येईल ते वाटतं. लाडकी बहीण घ्या: जुलै २०२४ पासून दरमहा १,५०० रुपये, २०२५-२६ ची तरतूद ३६ हजार कोटींची. पुण्यातही तेच दीड हजार, नंदुरबारलाही तेच. योजनेला नावं ठेवायची नाहीत. आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशींचं वीजबिल त्यातून जातं. पण प्रदेशांतलं अंतर मिटवायचं साधन म्हणून ती शून्य आहे, आणि "मागास भागाला वाटलेला पैसा" म्हणून तर ती मुळीच मोजता येणार नाही.

जगातला अनुभवही फॉरवर्डच्या बाजूचा नाही. डेन्मार्कसारख्या देशात सरकारचा खर्च उत्पन्नाच्या निम्म्याच्या आसपास आणि प्रदेशांतली तफावत कमी. आपल्या देशात तफावत प्रचंड आणि केंद्र-राज्य मिळून खर्च तीस टक्क्यांच्या आतबाहेर. अपवाद म्हणून जर्मनीकडे बोट दाखवता येईल. एकीकरणानंतर पूर्व भाग उभा करायला सरकारने पैसा ओतला, १९९१ मध्ये आयकरावर एकता अधिभार बसवला आणि बहुतेक करदात्यांसाठी तो सुटायला २०२१ उजाडलं. तफावतीने तिथे खर्च वाढवला, हे खरं. पण आधी सगळ्यांनी "हे आपलंच घर" असं ठरवलं होतं. गंमत म्हणजे तो अधिभार पूर्वेकडचे लोकही भरत होते. हिंगोलीच्या पोराच्या पी.टी. सारखाच.

महाराष्ट्राच्या तिजोरीला खरा भार कशाचा आहे हे कोणत्याही वर्षीच्या अर्थसंकल्पात दिसतं: पगार, पेन्शन आणि व्याज या तीन गोष्टींत महसुलाचा निम्म्याहून जास्त भाग जातो. त्यातल्या पेन्शनवर पुण्याच्या पेठांनी तरी फार बोलू नये.

"चाळीस वर्षं अनुशेष भरतोय, खड्डा तसाच." अनुशेष म्हणजे राज्याच्या सरासरीच्या मागे राहिलेल्या विकासाची तूट. इथे काकांचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. आधी खड्डा कोणी मोजला ते सांगतो. १९८३ मध्ये नेमलेल्या सत्यशोधन समितीचे अध्यक्ष होते वि. म. दांडेकर, आपल्या गोखले इन्स्टिट्यूटचे. १९८४ च्या अहवालात त्यांनी राज्याची सरासरी ही पट्टी धरली आणि रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने यांत कोण किती मागे ते रुपयांत मांडलं. एकूण ३,१८६.७८ कोटी. त्यातले विदर्भाचे १,२४६.५५, मराठवाड्याचे ७५०.८५ आणि उर्वरित महाराष्ट्राचे १,१८९.३८. परत वाचा. सदतीस टक्के अनुशेष "आपल्या" विभागाचा होता, कारण कोकण, धुळे, सोलापूरचा दुष्काळी पट्टा हे सगळं "उर्वरित"मध्येच येतं. अनुशेष म्हणजे फक्त मराठवाडा-विदर्भ, ही समजूत पहिल्याच अहवालात मोडली होती.

मग भरला का? भरायला घेतला आणि तितक्यात पट्टीच वर सरकली. कृष्णा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, पाणीवाटपाच्या फेरविचारासाठी सन २००० ची वेळ ठेवली होती. त्याआधी पाणी अडवलं नाही तर हक्क जाईल या भीतीने १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ काढलं. कार्यालय पुण्यात. रोखे काढून हजारो कोटी उभे केले आणि ते कृष्णा खोऱ्यात, म्हणजे मुख्यतः पश्चिम महाराष्ट्रात, ओतले. यामागे कारण होतं, नव्हतं असं मी म्हणत नाही. पण एका हाताने खड्डा भरायचा आणि दुसऱ्या हाताने शेजारी ढिगारा उंच करायचा, मग खड्डा तसाच दिसणार. राज्यपालांना घटनेच्या ३७१ (२) कलमाखाली निधीवाटपाचे निर्देश द्यावे लागले ते याच पायी.

पैसा वाया गेला, हेही खरं. भंडाऱ्याच्या गोसीखुर्दचा सुरुवातीचा अंदाज ३७२ कोटींचा, भूमिपूजन १९८८ चं. आज आकडा १८ हजार कोटींच्या वर गेलाय. यात भ्रष्टाचार आहे, भिकार नियोजन आहे आणि आणखी एक गोष्ट आहे जी हिशेबनिसाला लगेच दिसते. दरवर्षी थोडाथोडा निधी टाकून काम रखडवलं की भाववाढ मूळ किमतीला गिळते. आमच्या सोसायटीचं रंगकाम तीन वर्षं लांबलं तेव्हा काकांनीच हे वार्षिक सभेत सुनावलं होतं. गोसीखुर्दच्या नावावर लागलेला सगळा पैसा भंडाऱ्याच्या शेतकऱ्याने "खाल्ला" असं धरायचं असेल, तर आमच्या रंगाऱ्याचे वाढीव पैसेही आपण सभासदांनीच खाल्ले म्हणायला हवं.

अनुशेषावरची नंतरची एक समिती विजय केळकरांची, तेही पुण्यातलेच. अहवाल २०१३ मध्ये आला, विधिमंडळात मांडायला डिसेंबर २०१४ उजाडला. मागास भागांच्या विकासावर लक्ष ठेवणाऱ्या वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. मोजणारी यंत्रणाच बंद पडली की "भरतोय, भरतोय" म्हणायला कोणाचं काय जातं?

"पुण्याला ठेंगा." यावर फार लिहीत नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना इंग्रजांनी काढला, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये, पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये. भोसरीची जमीन एमआयडीसीने घेतली, रस्ते-पाणी देऊन प्लॉट पाडले. माझा पगार होतो तो त्यातल्याच एका प्लॉटवर. हिंजवडीचं आयटी पार्कही एमआयडीसीचंच. मेट्रोत केंद्राचा आणि राज्याचा पैसा आहे. राहत्या घराच्या मिळकतकरावर चाळीस टक्के सवलत १९७० पासून होती, मधे गेली आणि २०२३ मध्ये परत मिळाली. तेव्हा त्या सवलतीचा पी.टी.-३ फॉर्म (इथे पी.टी. म्हणजे प्रॉपर्टी टॅक्स) भरायला आमच्या सोसायटीत रांग लागली होती. रांगेत पहिले कोण होते ते मी लिहिणार नाही. आणि पाणी? पानशेत ज्या वेल्हे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात आहे, तो जिल्ह्यातल्या मागास तालुक्यांपैकी एक. त्या बुडालेल्या गावांनी पुण्याला दिलं त्याची नोंद कोणत्या अनुशेषात आहे?

राहता राहिलं "ज्याने त्याने आपलं ठेवावं." एक मुद्दा इथे प्रामाणिकपणे सोडून देतो. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांमध्ये वाटायच्या करांत महाराष्ट्राला ६.३१७ टक्के दिले, बिहारला १०.०५८. वाटपाच्या सूत्रात उत्पन्नातल्या अंतराला, म्हणजे राज्य जितकं गरीब तितका वाटा जास्त या निकषाला, ४५ टक्के वजन होतं. ते कमी असावं, चांगली वसुली करणाऱ्या राज्याला जास्त बक्षीस असावं, असं कोणी म्हटलं तर मी ऐकून घेईन. आयोगाने करप्रयत्नांना फक्त अडीच टक्के वजन दिलं होतं. वजन किती असावं हा वाद रास्त आहे. वजनच नको, हे वेगळं.

कारण हा नियम एकदा लावला की तो जिल्ह्याच्या वेशीवर थांबत नाही. कोथरूड म्हणेल, आमचा मिळकतकर धानोरीत का? आमच्या सोसायटीत तळमजल्यावरचे जोशी दर महिन्याला लिफ्टचा खर्च भरतात, ती कधी वापरली नाही तरी. उपविधीच तसे आहेत. त्यांनी उद्या "ज्याने त्याने" म्हटलं, तर सहाव्या मजल्याचा मेंटेनन्स किती होईल, हे काकांनी एकदा कॅल्क्युलेटरवर काढून बघावं. हवं तर मी काढून देतो.

आणि प्रत्यक्षात काय होतं तेही आपल्या वेशीवरच घडलंय. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं २०१७ मध्ये महापालिकेत आली. त्याआधी कित्येक वर्षं शहराचा कचरा तिथेच पडत होता. पालिकेत आल्यावर मिळकतकर शहराच्या दराने येऊ लागला, पाणी मात्र टँकरनेच. लोक वैतागले, बाहेर काढा म्हणाले आणि शेवटी दोन्ही गावांची मिळून वेगळी नगर परिषद झाली. सरकार लहान झालं का? एका महापालिकेच्या जागी एक महापालिका आणि एक नगर परिषद झाली. दुसरा मुख्याधिकारी, दुसरं कार्यालय, दुसरी निवडणूक. पाणी काही नुसत्या वेगळ्या पाटीने येत नाही.